तिवड्याचा खड्डा

गेल्या लग्नसराईत एका पंगतीला माझ्या शेजारी आमच्याच गावातला एक म्हातारा बसला होता. समोरच्या तरण्या पोरांना तो जुन्या मॅचच्या गोष्टी रंगवून सांगत होता. "आमच्या कारखान्याचा सेंटर फॉरवर्ड म्हंजे वारा, नुसता वारा! मुंबईचं बोलावणं आलं होतं त्याला. पन त्या देहूरोडच्या रेड्यानं घात केला. आडवा पडून नळी मोडली बिचाऱ्याची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "खरं का खोटं? तुमच्याच रानात झालं न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो आणि जिलबी वाढणाऱ्याला हात आडवा केला.

त्या रात्रीपासून अन्न नीट गेलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवलो, झोपलो. इतकी वर्षं जेवलो-झोपलोच आहे. पण तो पाय देहूरोडच्या बॅकने मोडलेला नाही. तो माझ्यामुळे मोडला. ही गोष्ट आम्हां तिघांनाच ठाऊक होती, आणि त्यातला एक, तो बॅक, दोन पावसाळ्यांपूर्वी वारला. ज्यांच्या मानासाठी मी गप्प आहे असं स्वतःला सांगत आलो ते माझे वडील त्याच्याही आधी गेले. राहिला फॉरवर्ड. परवा त्याला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, "लिही की राव. फक्त माझा डावा पाय किती भारी होता तेही लिही. नाहीतर लोकांना वाटेल, मोडायचाच पाय होता."

तर त्याचा डावा पाय भारी होता. उजवाही होता. मोडला तो उजवा.

आमचं गाव पवनेच्या काठचं. रेल्वेच्या अंगाला पहिला मोठा कारखाना उभा राहिला तेव्हा आमच्या घरातून नोकरीला लागलेला मी पहिला. स्टोअरमध्ये सामान उचलायचं काम होतं. खाकी चड्डी-सदरा घालून शिफ्टला निघालो की आई दारात येऊन बघायची. कारखान्यात फुटबॉलचा संघ निघाला. मालकांनी बॉल दिला, बनियनी दिल्या, पण मैदान नव्हतं. जिथे मोकळी जागा होती तिथे विटा नाहीतर खडी पडलेली. तेव्हा मीच छाती काढून पुढे झालो. "आमचं रान आहे की. शाळू निघाला की खळ्यासारखं मैदान करून देतो."

मला खेळता येत नव्हतं. मला त्या फॉरवर्डच्या जवळ राहायचं होतं, एवढंच खरं. तो खडकीच्या छावणीत वाढलेला. बाप पलटणीत आचारी, आई लहानपणीच गेलेली. गोऱ्या सोल्जरांचा खेळ बघत तो बॉल मारायला शिकला होता. आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा, पण चालण्यात असा डौल की हमालसुद्धा हातगाडी थांबवून बघायचे. मुंबईच्या एका गिरणीच्या संघाने त्याला नोकरीसकट बोलावलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला जायचं होतं. त्याआधी देहूरोडकडच्या एका संघाशी आमची मॅच ठरली, आणि ती आमच्या रानात.

मळणी उरकली होती. धसकटं उपटली, ढेकळं फोडली, बैलांमागे फळी बांधून रान सपाट केलं. खळं रानाच्या उगवतीच्या टोकाला होतं, बरोबर एका गोलाच्या समोर. खळ्याची जमीन आधीच पाणी मारून, तुडवून, शेणाने सारवून घट्ट केलेली असते. तिच्याइतकी चांगली जमीन सगळ्या रानात नव्हती. फक्त मधोमध तिवडा होता. तिवडा म्हणजे ज्याला बांधून मळणीचे बैल गोल फिरवतात तो खांब. बैलांची ओढ त्याच्यावर यायची म्हणून तो खोल रोवलेला असे, आणि ओढीने त्याच्या भोवतीची माती सैल होऊन खड्डा रुंदावत जाई.

वडिलांनी तिवड्याला हळद-कुंकू लावून तो उपटला आणि मला म्हणाले, "खड्ड्यात दगूड-मुरूम भर. पानी वत. धुमसानं ठोक. वरनं सारव. घाई करू नगंस, रातभर मुरू दे."

धुमस म्हणजे जमीन ठोकायचा लाकडी ठोकळा. चार-पाच टोपली मुरूम नदीकडून आणायचा आणि मग ठोकत बसायचं, तासाभराचं काम. मी मुरूम आणायला निघणार तेवढ्यात कारखान्याचे एक साहेब आणि तो फॉरवर्ड मैदान बघायला आल्याचं दिसलं. चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या. त्या दोघांच्या शेजारून दोरी धरून चालायला मिळणार होतं. मी शेजारचं भुसकट खड्ड्यात कोंबलं, वर चार ढेकळं टाकली, पायाने दाबली आणि शेणाचा हात फिरवला. अगदी सुरेख दिसलं. फॉरवर्ड त्यावरून चालत गेला सुद्धा, पण कडेकडेने. मला म्हणाला, "काय जमीन केलीयस राव! इथं गालिचा टाकून झोपावं."

त्या शाबासकीवर मी रात्री झोपलो. मुरूम राहून गेला. आठवला नाही असं नाही. सकाळी आठवला होता. वाटलं, धरलंय की चांगलं.

मॅचला गाव लोटलं होतं. कडेच्या बाभळींवर पोरं चढलेली. मला लाइनीचा झेंडा दिला होता, त्याच गोलाच्या बाजूला. समोरच्या संघाचा बॅक म्हणजे खरोखर रेडाच, मान आणि खांदे एक झालेले. चुलत्याचं देहूरोडच्या बाजारात मटणाचं दुकान, आणि हा कुठल्याशा वर्कशॉपात कामाला. पहिल्या हाफात त्याने आमच्या दोघांना लोळवलं होतं. लोक ओरडत होते, "ए खाटक्या, हाडं मोजायला आलायस का?" तो हसून लोकांना हात करत होता.

दुसऱ्या हाफात फॉरवर्ड मधून निघाला. मी अगदी समोर होतो, म्हणून सांगतो. त्याने उजवा पाय रोवला, डाव्याने बॉल मारायला, आणि तो पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. त्यानंतर बॅक आला. आधी नाही. त्याचा खांदा लागला, फॉरवर्ड बाजूला फेकला गेला, पाय मात्र आतच अडकलेला. आवाज मी ऐकला. तो कसा होता हे लिहीत नाही.

पाय बाहेर आला, थोडं भुसकट उडालं, आणि मग सगळेच धावले. जमिनीकडे बघायला कोणाला सवड होती? काहींनी बॅकला धरून बडवायला सुरुवात केली. वडिलांनी डोक्याचा पटका सोडला, बाभळीच्या दोन फळ्या लावून पाय बांधला आणि अशा हातांनी त्याला उचलला की तो ओरडलाही नाही. तेवढ्या वेळात मी खड्ड्यात ढेकळं लोटत होतो. लोकांना वाटलं, पोरगा सैरभैर झालाय.

कारखान्याच्या लॉरीत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. खडकीच्या पुढे कुठेतरी त्याने डोळे उघडले. "जमीन गेली रे माझ्या पायाखालून. खड्डा होता का तिथं?"

"खळ्यावर खड्डा? मी सोता सारवलंय ते," मी म्हणालो. "तो बॅक आडवा आला. दुखण्यानं असं वाटतं."

त्याने डोळे मिटले. निष्काळजीपणा एक वेळ कोणाच्याही हातून होतो. पण हे वाक्य मी नीट, विचार करून बोललो.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. नळीची दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टर वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून बोलायचे. "चालणार. नक्की चालणार," ते म्हणाले. फॉरवर्ड म्हणाला, "आणि खेळणार?" डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "आधी हाड तर जुळू दे. मग तू आणि तुझा पाय ठरवा. पाऊस पडायच्या आत मात्र नाही हं." म्हणजे मुंबई गेली. त्याला ते तिथेच कळलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

स्टेशनजवळ चौघांत एक खोली, अशी त्याची राहणी. बाप पलटणीबरोबर पार उत्तरेला. आई म्हणाली, "त्या खोलीत त्याला पानी कोन देनार? आना हितं." वडिलांनी बैलगाडीत कडब्याचा जाड थर टाकला, वर गोधड्या, आणि तो आमच्या पडवीत आला. मी त्याला अंघोळ घालायचो, उचलून परसाकडे न्यायचो. गावात लोक म्हणायचे, बघा, मित्र असावा तर असा. आई तर देवापुढे माझं नाव घेऊन हात जोडायची. त्या दिवसांत मला माझ्या घरच्यांइतका कोणाचाच धाक वाटत नव्हता.

आणि एका दुपारी सायकलवरून तो बॅक आला. कपाळाला अजून खोक होती, आमच्याच लोकांनी मारलेली. वेशीपासून पोरं त्याच्या मागे दगड घेऊन लागली होती. वडिलांनी पोरांना हाकललं. तो दारात उभा. हातात कडीचा पितळी डबा.

"पायाचा रस्सा हाय," तो म्हणाला. "हाड जुळतं यानं."

आईच्या गळ्यात माळ. तिने नाकाला पदर लावला. "घरात न्हाई चालायचं. गोठ्यात बसून खा म्हनावं. आन् भांडं तुमचं तुमी घासा."

मग आम्ही फॉरवर्डला उचलून गोठ्यात नेलं. एका बाजूला म्हैस रवंथ करतेय आणि हा गव्हाणीला टेकून वाटीने रस्सा पितोय. म्हशीने मान लांब केली तसा बॅक म्हणाला, "तुला न्हाई बाई, तुझं चारी पाय धड हायेत." प्लास्टर चढल्यापासून फॉरवर्ड पहिल्यांदा हसला.

मग तो दर रविवारी येऊ लागला. देहूरोडहून आमचं गाव काही जवळ नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्याच्या पायांत काही नसतं. वैशाखाचं ऊन, सायकलची लोखंडी पायडलं, आणि तो अनवाणी. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "नवस बोललोय. आमचं गाव खेडाकडलं. निमगावच्या खंडोबाला बोललो, हा पळंस्तोवर पायात वहान घालनार न्हाई. न् बॉलला पाय लावनार न्हाई."

"मुद्दाम केलंस का रं?" आईने विचारलं.

"न्हाई वो आई. खांदा लावला नुसता. पन मोडला तर माझ्याच हातनं ना?"

आई आत गेली आणि त्याच्यासाठी ताक घेऊन आली. आमच्या तांब्यात. गोठ्यात नाही, पडवीत बसवून दिलं. मी खांबाला टेकून उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर ते ताक निदान त्याच्या हक्काचं झालं असतं. बोललो नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय तुरीच्या काठीसारखा झाला होता. डॉक्टरांनी बोटांनी नळी दाबून बघितली, खूश झाले. "झकास जुळलंय. पायाचा रस्सा पाजलात वाटतं? बरं केलंत. आता वजन टाक, उद्यापासून."

तो वजन टाकेना. काठी घेऊन एका पायावर उड्या मारत परसात जायचा, पण उजवा पाय जमिनीला नुसता शिवायचा आणि उचलायचा. दुखतं का विचारलं तर नाही म्हणायचा. आठवडा गेला, दुसरा गेला. आई तेल चोळून थकली. कारखान्यातले लोक यायचे, हिंमत द्यायचे, जाताना एकमेकांकडे बघायचे.

शेवटी एका रविवारी दुपारी बॅकसमोरच तो बोलला. मीही होतो तिथे, वाखाची दोरी वळत. "तुझी काही चूक नाही राव," तो बॅकला म्हणाला. "खांद्याचा धक्का तो केवढा! तसले धक्के मी लहानपणापासून खाल्लेत. तेवढ्यानं कोणाचं हाड मोडतं? माझ्याच हाडात काही नाही. कच्चं आहे. पाय असा आपोआप गेला होता खाली, मला आठवतंय. आज जुळलंय, उद्या पायरी उतरताना जाईल. खेळायचं कसलं डोंबल."

बॅक मान खाली घालून बसला होता. आई त्याच्या तळव्यांवर हळद-तेल लावत होती. वर्कशॉपातला लोखंडाचा चुरा घुसून एक तळवा पिकला होता. वर न बघता आई म्हणाली, "द्येवमानूस हाय ह्यो."

वाख मी खाली ठेवला. मी आईला म्हणालो, "तू आत जा." ती गेली. मग मी सांगितलं. मुरूम, भुसकट, शेणाचा हात, लॉरीतलं वाक्य, सगळं. फार वेळ लागला नाही. इतके दिवस वाटत होतं की सांगायला रात्र पुरणार नाही.

पहिला उठला बॅक. रिकामा डबा त्याने माझ्या अंगावर फेकून मारला. तो लागला कानाला. "माझा चुलता मला दुकानात उभा करीना झालाय! गिऱ्हाईक म्हनतं, हाडं मोडनारा आला. बायकू माहेरी सांगत न्हाई, नवरा कोन म्हनून! आन् तू हितं दोऱ्या वळतोस?"

फॉरवर्ड आपल्या पायाकडे बघत होता. मग म्हणाला, "मला दाखव."

"काय?"

"खड्डा. दाखव."

मॅचच्या दुसऱ्याच दिवशी मी तो दगड-मुरूम घालून नीट ठोकून घेतला होता. शहाणपण वेळेवर येतं का कधी? पहार घेऊन तो पुन्हा उकरला. बॅक त्याला पाठीवर घेऊन रानात आला होता. मी दगड काढून टाकले तसा फॉरवर्ड काठावर बसला आणि त्याने तो बारीक झालेला पाय आत सोडला. गुडघ्यापर्यंत गेला. त्याने हाताने काठ चाचपून पाहिला. मग बॅकला म्हणाला, "आता खांदा लाव."

"काय?"

"हळू लाव. मला बघायचंय."

बॅकने वाकून बोटभर ढकललं. वरचं अंग कललं, पाय आतल्या आत काठाला अडला. फॉरवर्डने मांडी घट्ट धरली आणि मोठ्याने ओरडला, "अरे, यात बैलाचा पाय मोडेल! बैलाचा! माझ्या हाडाला काही झालेलं नाही!" तो हसत होता की रडत होता ते मला तेव्हाही कळलं नाही. मग मला जवळ बोलावून त्याने माझ्या मुस्काटात मारली. खळ्यावर बसून मारली तरी जोरात बसली.

एवढ्यात विहिरीकडून वडील आले. "काय हुडकताय रं?"

मी पहार खाली ठेवली. फॉरवर्ड म्हणाला, "काही नाही काका. तिवडा कुठं होता ते बघत होतो."

वडिलांनी खड्ड्याकडे पाहिलं, काढून टाकलेल्या दगडांकडे पाहिलं, माझ्या लाल गालाकडे पाहिलं. "दगूड चांगलं भरलं व्हतंस की आता," म्हणाले आणि बैलांकडे गेले. त्या 'आता'चा अर्थ मी त्यांना कधी विचारला नाही. त्यांनीही कधी सांगितला नाही. आमच्यात तेवढंच बोलणं असे.

फॉरवर्ड म्हणाला, "मला उभा कर." आम्ही दोघांनी बगलेत हात घालून उभा केला. त्याने उजवा पाय टेकला आणि त्यावर भार दिला. तोंड वाकडं झालं, पण दिला. रानापासून घरापर्यंत तो चालत आला. प्रत्येक पावलाला मला एक शिवी, खडकीच्या छावणीतल्या अस्सल शिव्या, काही तर मला तेव्हा समजल्याही नाहीत. दारात पोहोचेपर्यंत माझ्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आई बाहेर आली आणि त्याला पायांवर बघून मीठ-मोहऱ्या आणायला आत पळाली.

गावाला सांगायचं का, हा प्रश्न बॅकनेच निकालात काढला. मी म्हणालो, उद्या चावडीवर सांगतो. तो म्हणाला, "नगं. तुझ्या बापाचं खळं म्हंजे गावात नाव हाय. म्हातारा मान खाली घालून फिरंल. आन् माझं काय, बॅकचं नाव खराबच असावं. पुढल्या मॅचला फॉरवर्ड लोक आधीच घाबरून येत्याल." चुलत्याला तेवढं फॉरवर्डने स्वतः जाऊन समजावलं, काय सांगितलं ते मला माहीत नाही.

"आणि नवस?" मी विचारलं. "आता वहाणा घाल की."

"बोललोय तो देवाला, तुला न्हाई. हा पळंस्तोवर. खड्ड्याचं देवाला ठाऊक व्हतंच की तवा, तरी त्यानं ऐकून घेतलं ना?"

माफ केलं असं मला दोघांपैकी कोणीच कधी म्हणालं नाही. फॉरवर्डने मला कामाला लावलं. पहाटे शिफ्टच्या आधी बॉल घेऊन रानात हजर राहायचं. मी बॉल टाकायचा, त्याने उजव्या पायाने परत द्यायचा. आधी बसून, मग उभं राहून. पाऊस सुरू झाल्यावर चिखलात. एखाद्या दिवशी मी उशीर केला की म्हणायचा, "काय, भुसकट भरत होतास का?" ते ऐकून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. ज्याची चेष्टा करतात त्याला माणसांतून काढून टाकलेलं नसतं.

मुंबईचा निरोप श्रावणात आला. पावसानंतर तरी बोलावतील ही आशा त्याने सोडली नव्हती, पण जागा भरली होती, संघ पुरा झाला होता. हे त्याला स्टेशनवर कोणीतरी सांगितलं. संध्याकाळी घरी आला, जेवला, भाकरी कुस्करत बसला. मला म्हणाला, "उद्या बॉल नको." दुसऱ्या दिवशी नको, तिसऱ्या दिवशी नको. चौथ्या पहाटे मी तरीही रानात जाऊन उभा राहिलो, आणि बऱ्याच वेळाने तो आला. ती मुंबई मी त्याची घालवली. इथे मी जे कबूल करतोय त्याने ती परत येत नाही, आणि ती कशी झाली असती हे आम्हां दोघांनाही कळायचा मार्ग नाही.

गौरी-गणपतीच्या सुमारास तो पहिल्यांदा पळाला. रविवार होता. बॅक वेशीपाशी सायकलवरून उतरला तेव्हा फॉरवर्ड म्हणाला, "थांब तिथंच," आणि मारुतीच्या देवळापासून त्याच्याकडे धावत गेला. लंगडत, पण पळालाच. बॅकने सायकल सोडून दिली, ती धाडकन पडली. कॅरिअरला वहाणांची जोडी बांधलेली होती. किती रविवार ती तशी येत-जात होती देव जाणे. त्याने ती सोडली, पायांत घातली आणि म्हणाला, "च्यायला, चावत्यात." मग दोघे निमगावला गेले, देवाला सांगायला. मला नेलं नाही. आईने मात्र त्यांच्याबरोबर नारळ दिला.

तो पूर्वीचा फॉरवर्ड राहिला नाही. पळण्यातला वेग गेला, म्हणून हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळू लागला, आणि मागून बॉल पुढे कसा द्यायचा हे त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. कारखान्याने त्याला कायम केलं. आमच्याच गावात खोली घेतली, आमच्याच आईने मुलगी बघून दिली. माझ्या धाकट्या मुलाला बॉल मारायला त्याने शिकवलं. माझ्या घरात अंगणभर जे हसणं-खिदळणं झालं, त्यात अर्धं त्याचं होतं. हे सगळं मला फुकट मिळालं. कोणत्या लायकीवर, हे विचारायचं मी आता सोडून दिलंय.

पण त्याचा पाय खरोखर बरा झाला असं मला वाटलं ते त्या हिवाळ्यात. कारखान्याचं स्वतःचं मैदान तयार झालं होतं आणि पहिली मॅच त्याच देहूरोडच्या संघाशी होती. मी लाइनीवर. लोकांनी बॅकला बघताच हुर्यो केला. आणि तो रेडा, ज्याच्या अंगावर जायला लोक घाबरायचे, तो आमच्या हाफजवळ आला की पाय मागे घ्यायचा. दोनदा घेतला. तिसऱ्यांदा त्याने वाटच सोडून दिली.

फॉरवर्ड, म्हणजे आता हाफ, बॉल पायाखाली धरून उभाच राहिला. भर मॅचमध्ये ओरडला, "ए, पाहुणा आहेस का? अंगावर ये की!"

"नगं रं," बॅक म्हणाला. मला लाइनीवर ऐकू आलं.

"येतोस का नाही? का मीही नवस बोलू?"

पुढच्या बॉलला बॅक आला. पूर्ण आला, खांद्यासकट. दोघे आपटले, धूळ उडाली. माझा झेंडा हातात होता, वर करायचं भान नव्हतं. वडील गर्दीतून पुढे सरकलेले मी पाहिले. बॅक आधी उठला आणि गुडघ्यांवर तसाच थिजला.

धुळीतून हात वर आला. "रेफरी! फाऊल आहे ना राव? बघता काय?"

तो उठला, उजवा पाय दोनदा जमिनीवर आपटला, आणि फ्री किक मीच घेणार म्हणून बॉल मांडून बसला. उजव्यानेच मारली. बॉल गोलाच्या वरून, लोकांच्या डोक्यांवरून, थेट पलीकडच्या हरभऱ्यात गेला. लोक हसले, शिट्ट्या मारल्या. रेफरी माझ्याकडे बघून झेंडा कुठाय म्हणून हात करत होता. मी झेंडा खाली टाकला आणि बॉल आणायला हरभऱ्यात पळालो.